धावणाऱ्याला थांबण्याची मुभा

झारखंडमध्ये उत्पादन शुल्क खात्यातील शिपायांच्या ५८३ जागांसाठी २२ ऑगस्ट २०२४ पासून शारीरिक चाचणी सुरू झाली. पुरुषांनी १० किलोमीटर अंतर ६० मिनिटांत आणि महिलांनी पाच किलोमीटर अंतर ४० मिनिटांत पार करायचे, अशी अट होती. सप्टेंबरचा पहिला आठवडा उजाडेपर्यंत या धावेने दहाहून अधिक तरुणांचा बळी घेतला होता. मुख्यमंत्री हेमंत सोरेन यांनी चाचणी काही दिवस थांबवली, सकाळी नऊनंतर कोणालाही धावायला लावू नये असे सांगितले आणि नियमांचा फेरविचार जाहीर केला. विरोधकांनी सरकारच्या ढिसाळपणाकडे बोट दाखवले. सरकारने हे नियम आधीच्या राजवटीचे असल्याचे सांगितले. उमेदवारांनी उत्तेजक औषधे किंवा पेये घेतली असावीत, असाही संशय व्यक्त झाला. मग विधानसभा निवडणूक आली आणि विषय मागे पडला.

या साऱ्या गदारोळात एक प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. ते तरुण थांबले का नाहीत? छातीत कळ येते, डोळ्यांपुढे अंधारी येते, पाय लटपटू लागतात. अशा वेळी थांबणे हा प्राणिमात्राचा सहजधर्म आहे. धावणे सोडून रस्त्याच्या कडेला बसायला कोणाची परवानगी लागत नाही. तरीही ते पळत राहिले, आणि त्यांतले काही अंतिम रेषेपर्यंत पोहोचून मग कोसळले. हा प्रश्न शरीरशास्त्राइतकाच मनाचा आहे आणि मनापेक्षाही अधिक धोरणाचा आहे, असे माझे मत आहे. मी विद्यार्थिदशेत विद्यापीठाच्या संघातून पाच हजार मीटर धावत असे. फार चांगला नव्हतो; पण शेवटच्या तीन फेऱ्यांत मनात काय चालते, हे ठाऊक असण्याइतका अनुभव गाठीशी आहे.

दीर्घ पल्ल्याच्या श्रमांत माणूस नेमका कशामुळे थांबतो, यावर शंभर वर्षे वाद चालू आहे. १९२२ चे नोबेल मिळवणारे ब्रिटिश शास्त्रज्ञ ए. व्ही. हिल आणि त्यांचे सहकारी यांनी हा प्रश्न प्राणवायूच्या हिशेबात मांडला. हृदय ठरावीक वेगाने रक्त पुरवू शकते, स्नायूंची मागणी त्याहून वाढली की देणे साठत जाते आणि यंत्र बंद पडते. कित्येक दशके व्यायामशाळांतून आणि पाठ्यपुस्तकांतून हेच शिकवले गेले. पुढे दक्षिण आफ्रिकेचे टिम नोक्स यांनी विचारले, की शरीर खरोखरच रिते होऊन थांबत असेल, तर शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात धावपटूचा वेग वाढतो कसा? जे संपले ते पुन्हा कोठून येते? त्यांचे उत्तर असे, की मेंदू वाहनाच्या वेगनियंत्रकासारखा आधीच लगाम खेचतो आणि काही राखीव कायम हाताशी ठेवतो. इटलीचे सॅम्युएल मार्कोरा यांना हा अदृश्य नियंत्रकही पटला नाही. त्यांच्या मते माणूस थांबतो तो दोन गोष्टींच्या तोलावर: श्रम किती जाणवत आहेत आणि ते सोसण्यास तो किती राजी आहे. जाणवणारे कष्ट त्याच्या तयारीच्या पलीकडे गेले की तो थांबतो. थकव्याने पाय आपसूक थबकतात असे आपल्याला वाटते. मार्कोरांच्या लेखी मात्र थांबणे हा एक निर्णय असतो, मग तो कितीही नकळत झालेला असो.

त्यांचा २०१० मधला एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. दहा उत्तम रग्बीपटूंना स्थिर सायकलवर २४२ वॉटच्या ताकदीने ‘आता शक्यच नाही’ असे होईपर्यंत पेडल मारायला लावले. साधारण दहा मिनिटांत सारे थांबले. थांबताक्षणी त्यांना सांगण्यात आले, की आता फक्त पाच सेकंद जिवाच्या आकांताने पेडल मारा. त्या पाच सेकंदांत त्यांनी सरासरी ७३१ वॉट ताकद निर्माण केली. क्षणापूर्वी ज्यांना २४२ वॉट झेपत नव्हते, तेच आता त्याच्या तिप्पट जोर लावत होते. स्नायू रिते झाले नव्हते. पाच सेकंदांचा शेवट समोर दिसत होता, म्हणून मन राजी झाले.

नोक्स आणि मार्कोरा यांच्यातला वाद अजून मिटलेला नाही आणि तो मिटवण्याचा अधिकार स्तंभलेखकाला नाही. धोरणकर्त्यांसाठी त्यातले एवढेच पुरेसे आहे, की सहनशक्तीची मर्यादा केवळ फुप्फुसात आणि मांड्यांत नसते. थांबण्याची किंमत काय, यावरही ती ठरते.

गाझीपूर जिल्ह्यातले गहमर हे सैनिकांचे गाव म्हणून उत्तर भारतात प्रसिद्ध आहे. काही हिवाळ्यांपूर्वी मी तेथे गेलो होतो. पहाटेच्या धुक्यात मुले १,६०० मीटरचा सराव करत होती आणि निवृत्त सुभेदारसाहेब हातात घड्याळ व काखेत वही घेऊन मैदानाच्या कडेला उभे होते. धाव संपवून गुडघ्यांवर हात टेकून उभ्या राहिलेल्या एका मुलाला मी विचारले, “सगळ्यात कठीण काय वाटते?” तो म्हणाला, “चौथी फेरी, साहेब. तीन फेऱ्या बरा पळतो. चौथीत घरचे दिसायला लागतात. वय निघत चालले आहे, आता एकच भरती हातात आहे.” सुभेदारसाहेबांनी ते ऐकले आणि त्याच्यावर खेकसले, “घरच्यांना घरी राहू दे. पुढच्याच्या टाचा बघ!”

मानसशास्त्रावरचा कोणताही ग्रंथ न वाचता त्या वृद्ध सैनिकाने नेमके निदान केले होते. दडपणाखाली माणसाचे लक्ष कामावरून परिणामाकडे सरकते. टाचा, श्वास, पावलांचा ठेका यांवर असलेले लक्ष ‘नाही जमले तर’ या विचाराकडे वळले, की तोच वेग अधिक कष्टाचा वाटू लागतो. याच्या उलटही होते. मार्कोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्वतःशी बोलण्याची काही ठरावीक वाक्ये दोन आठवडे घोटवून घेतलेल्या सायकलपटूंचा टिकाव सुमारे १८ टक्क्यांनी वाढला. त्यांना तेवढेच श्रम कमी जाणवत होते. म्हणजे मन घडवता येते. पण ते सरावाने, आणि हरण्याला जागा असेल तेथेच घडते, ही अट आपण विसरतो.

अविनाश साबळेची कारकीर्द या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. महाराष्ट्राच्या बीड जिल्ह्यातील मांडवा या गावचा, शेतकरी कुटुंबातला हा मुलगा बारावीनंतर लष्करात गेला. महार रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनबरोबर सियाचीनची थंडी आणि राजस्थानची वाळू त्याने अनुभवली. स्पर्धात्मक धावण्याकडे तो वळला तो २०१५ मध्ये, लष्करी क्रॉस कंट्री स्पर्धांमधून. २०१८ मध्ये भुवनेश्वरला त्याने तीन हजार मीटर स्टीपलचेसमधला गोपाल सैनी यांचा ३७ वर्षे टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्य मिळवताना सुवर्णपदक विजेत्यापासून तो अवघ्या ०.०५ सेकंदाने मागे होता. १९९८ ते २०१८ या काळात या शर्यतीचे एकही पदक केनियाने दुसऱ्या कोणाच्या हाती लागू दिले नव्हते.

मला मात्र बर्मिंगहॅमपेक्षा २०२३ चे वर्ष अधिक शिकवणारे वाटते. त्या वर्षी १९ ऑगस्टला बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत तो प्राथमिक फेरीतच बाद झाला. देशभराच्या अपेक्षा होत्या, सरकारी खर्चाने परदेशी सराव झालेला होता, आणि समाजमाध्यमांवर यथेच्छ टीकाही झाली. पुढे सहा आठवड्यांनी, १ ऑक्टोबरला, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने सुरुवातीपासूनच आघाडी घेत ८:१९.५० अशा स्पर्धाविक्रमी वेळेत सुवर्ण जिंकले. अपयश आणि यश यांच्यातल्या त्या त्रेचाळीस दिवसांत त्याच्या मनात काय चालले असेल, हे त्यालाच माहीत. माझा अंदाज एवढाच, की बुडापेस्टच्या पराभवाने त्याची नोकरी जाणार नव्हती, गणवेश उतरणार नव्हता, घरची चूल विझणार नव्हती. पराभव बोचणारा होता, पण पचवता येण्यासारखा होता. पुढे पॅरिसमध्ये ऑलिंपिकच्या स्टीपलचेस अंतिम फेरीत पोहोचणारा तो पहिला भारतीय पुरुष ठरला.

भारताच्या दीर्घ व मध्यम पल्ल्याच्या धावण्याचा इतिहास चाळला तर हा धागा जागोजागी दिसतो. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनमध्ये अकरावे आलेले शिवनाथ सिंह लष्करातले. १९७८ मध्ये जालंधरला त्यांनी नोंदवलेली २ तास १२ मिनिटांची वेळ चार दशकांहून अधिक काळ राष्ट्रीय विक्रम म्हणून उभी राहिली. त्याच मॉन्ट्रियलमध्ये ८०० मीटरच्या अंतिम फेरीत धावलेले श्रीराम सिंह हेही लष्करातलेच. सैन्य, रेल्वे, पोलीस दले यांनी दिलेला पगार व निवृत्तिवेतन हेच आपल्या धावपटूंचे खरे क्रीडा-मानसशास्त्र होते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल. पण फार मोठी नाही. आज मोठ्या संघांबरोबर मनोबल प्रशिक्षक असतात. पॅरिसला कांस्य जिंकणाऱ्या हॉकी संघाबरोबर पॅडी अप्टन होते, आणि ते स्वागतार्हच आहे. परंतु ही सोय शिडीच्या वरच्या पायरीवर आहे. खालच्या पायरीवर लाखो तरुण केवळ ती पहिली नोकरी मिळवण्यासाठी धावत आहेत आणि त्यांच्या वाट्याला दडपण सोडून काहीही येत नाही.

भरतीच्या मैदानावर काय घडते ते आता पाहू. झारखंडमध्ये शारीरिक चाचणी लेखी परीक्षेच्या आधी ठेवलेली होती. साहजिकच लाखोंच्या संख्येने उमेदवार आले. आदल्या रात्रीपासून रांगेत ताटकळावे लागल्याच्या तक्रारी नातेवाइकांनी केल्या. अनोळखी शहर, फलाटावर किंवा फुटपाथवर काढलेली रात्र, कागदपत्रांच्या पिशवीची काळजी, पुकारा कधी होईल याकडे लागलेले कान. याला आपण ‘थोडी गैरसोय’ म्हणतो. मार्कोरांचा २००९ चा प्रयोग त्याला वेगळे नाव देईल. सोळा जणांना दीड तास संगणकावर अखंड लक्ष द्यावे लागेल असे काम दिले गेले. दुसऱ्या खेपेला त्याच लोकांना तेवढा वेळ माहितीपट दाखवला गेला. त्यानंतर सायकलवरील टिकावाची चाचणी झाली. मन शिणलेल्या अवस्थेत ते सरासरी ६४० सेकंद टिकले, एरवी ७५४ सेकंद. हृदयाची गती, रक्तातील घटक यांत थकव्याचे कारण सांगणारा फरक आढळला नाही. फरक होता तो श्रम किती जाणवतात यात. दीड तासाच्या बैठ्या कामाने पंधरा टक्के फरक पडत असेल, तर रात्रभराच्या रांगेने किती पडत असेल?

येथे एक गंभीर वळण आहे. श्रम अधिक जाणवले तर माणूस लवकर थांबेल, म्हणजे तो सुरक्षितच राहील, असे कोणी म्हणेल. साध्या शर्यतीत ते खरे आहे. पण तोलाच्या दुसऱ्या पारड्यात आपण काय ठेवले आहे? घरची जमीन, बहिणीचे लग्न, वयाची अखेरची संधी, गावात परत जाण्याची लाज. थांबण्याची किंमत इतकी चढवून ठेवली, की सोसण्याची तयारी अमर्याद होते. निसर्गाने दिलेला लगाम तुटतो तो असा.

औषधे त्याला आणखी सैल करतात. १३ जुलै १९६७ रोजी टूर द फ्रान्समध्ये माँ व्हाँतूच्या चढावर टॉम सिम्पसन हा ब्रिटिश सायकलपटू कोसळून मरण पावला. कडक ऊन होते आणि त्याच्या शरीरात अ‍ॅम्फेटामिन सापडले. उत्तेजक औषधाने शक्ती येते ही समजूत अर्धवट आहे. ते प्रामुख्याने धोक्याची घंटा बंद करते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मेथिलफेनिडेट हे औषध दिलेले सायकलपटू ३० अंश तापमानात अधिक वेगाने गेले, त्यांच्या शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर चढले, आणि तरीही त्यांना श्रम अधिक जाणवले नाहीत. शरीर भाजून निघत होते आणि मनाला त्याची वर्दीच नव्हती. झारखंडच्या मृतांपैकी कोणी असे काही घेतले होते का, या वादात मी पडत नाही. घेतले असेल तर दोष संपूर्ण त्याचाच, हे मात्र मला मान्य नाही. ज्या चाचणीत एका धावेवर आयुष्य टांगलेले असते, त्या चाचणीच्या दारात अशा औषधांचा विक्रेता उभा राहणारच.

उत्तेजकांच्या प्रश्नात आपला देश कोठे आहे, हे लपून राहिलेले नाही. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या २०२३ च्या आकडेवारीत भारताच्या सुमारे ५,६०० नमुन्यांपैकी ३.८ टक्के दोषी आढळले. मोठ्या प्रमाणावर चाचण्या घेणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या राज्य अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत तपासणी पथक आल्याचे कळताच खेळाडू पसार झाले आणि पुरुषांच्या १०० मीटरच्या अंतिम शर्यतीला एकच धावपटू उभा राहिला. स्टेडियमच्या स्वच्छतागृहातील सुयांची चित्रफीत देशाने पाहिली. त्यावर आपण नैतिक हळहळ पुष्कळ व्यक्त केली. पण राज्यस्तरीय पदक म्हणजे क्रीडा कोट्यातील नोकरीचा दाखला असतो, हे लक्षात घेतले तर सुया आणि सेवाभरती यांचा संबंध उलगडतो.

महाराष्ट्रातील वाचकांना २०१४ चा जून आठवत असेल. मुंबईच्या पोलीस भरतीत भर उन्हात पाच किलोमीटर धावताना उमेदवार मृत्युमुखी पडले आणि त्यानंतर अंतर कमी करण्यात आले. आज तेथे १,६०० मीटरची धाव आहे. झारखंडनेही नंतर नियम बदलून अंतर १० किलोमीटरवरून १.६ किलोमीटरवर आणले. मृत्यू झाले की अंतर कमी करायचे, ही आपली ठरलेली प्रतिक्रिया. ती अगदीच चुकीची नाही. उष्म्यात दहा किलोमीटर हे अंतर विशेष घातक असते. वेग राखता येण्याइतके लहान आणि शरीर तापण्याइतके लांब. परंतु १,६०० मीटरचेही गणित पाहा. अग्निपथ योजनेत २०२२ पासून हे अंतर साडेपाच मिनिटांत पार करणाऱ्याला पूर्ण ६० गुण. म्हणजे किलोमीटरला ३ मिनिटे २६ सेकंद. झारखंडची दहा किलोमीटरची अट किलोमीटरला सहा मिनिटे होती. अंतर कमी झाले, वेग सुमारे पावणेदोन पट झाला. दडपण होते तेथेच राहिले, ते फक्त चार फेऱ्यांत कोंबले गेले. उष्माघाताचा धोका उतरला, हृदयावरचा ताण चढला, आणि एका सेकंदाने गुणांची पायरी चुकण्याची धास्ती नव्याने आली.

यावर सैन्यातील माझे मित्र म्हणतात, “लढाईत शत्रू दुसरी संधी देत नाही. दडपण सोसता येते की नाही, हेच तर आम्हाला तपासायचे असते.” हा आक्षेप हलक्याने घेण्यासारखा नाही. सैनिकाला, पोलिसाला टोकाच्या थकव्यात निर्णय घ्यावे लागतात. पण सैन्य स्वतः जवानाला कसे घडवते? महिनोन्‌महिने, टप्प्याटप्प्याने, सोबतीला तुकडी आणि जवळ रुग्णवाहिका ठेवून. अतिउंचीवर पाठवण्यापूर्वी जवानाला ठरावीक दिवस थांबवून हवामानाची सवय करून घेतली जाते. कोणताही सेनाधिकारी मैदानी प्रदेशातून आलेल्या तुकडीला त्याच दिवशी सियाचीनवर चढवणार नाही. ज्याला अजून घ्यायचेच आहे, त्या उपाशी, जागरण झालेल्या, अप्रशिक्षित मुलाकडून मात्र आपण पहिल्याच सकाळी अंतिम परीक्षा मागतो. शिवाय त्या धावेतून आपल्याला मोजायचे काय असते? प्रशिक्षण पेलण्याची क्षमता. ती क्षमता एका सकाळच्या निकरापेक्षा दोन सकाळींच्या सरासरीतून अधिक खरी कळते, आणि हृदयाचा दोष घड्याळाला कळत नाही, तो आधीच्या वैद्यकीय तपासणीत कळतो.

सुधारणा अशक्य नाहीत. त्यांतल्या काही झाल्याही आहेत. सैन्यदलाने २०२३ पासून अग्निवीर भरतीत संगणकीय लेखी परीक्षा आधी घेऊन मैदानावरची गर्दी कमी केली. हा क्रम राज्यांच्या प्रत्येक शारीरिक चाचणीला लागू व्हायला हवा. वैद्यकीय तपासणी धावेच्या आधी हवी, नंतर नव्हे. पावसाळ्यातील दमट उष्म्यात केवळ तापमान पाहून भागत नाही, तापमान आणि आर्द्रता यांचा एकत्रित निर्देशांक ठरावीक मर्यादेवर गेला की त्या दिवशीची धाव रद्द, असा लेखी नियम हवा, आणि तो मैदानावरच्या अधिकाऱ्याला बंधनकारक हवा. वेळेची वाटणी करून पुकारा केला तर रात्रभराची रांग टळते. रेल्वेचे तिकीट जर ठरावीक मिनिटाचे देता येते, तर धावण्याचेही देता येईल.

सर्वांत स्वस्त उपाय तर बर्फाचा आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये ऑगस्टच्या उन्हात होणाऱ्या फॅलमथ शर्यतीत, सुमारे सव्वाअकरा किलोमीटरच्या अंतरात, अठरा वर्षांत उष्माघाताचे २७४ रुग्ण नोंदले गेले. त्यांतला एकही दगावला नाही. अंतिम रेषेजवळच बर्फाच्या पाण्याने भरलेल्या टबांत त्यांना काही मिनिटांत बुडवले गेले. आधी शरीर थंड करायचे, रुग्णालयात नंतर न्यायचे, हा तेथला शिरस्ता. आपल्याकडे कोसळलेल्याला रुग्णवाहिकेत घालून गर्दीतून जिल्हा रुग्णालयाकडे धाडले जाते आणि मोलाची पहिली तीस मिनिटे रस्त्यात जातात. प्लास्टिकची पाण्याची टाकी, बर्फाच्या लाद्या आणि दोन प्रशिक्षित परिचारक यांचा खर्च एखाद्या मंत्र्याच्या भेटीसाठी घातलेल्या मांडवापेक्षा अधिक नसावा.

बर्फाच्या टबापेक्षा अवघड आहे ती दुसरी धाव. अपयशी ठरलेल्या किंवा मध्येच थांबलेल्या प्रत्येक उमेदवाराला त्याच भरतीत, आठ-दहा दिवसांनी, आणखी एक संधी मिळावी आणि दोहोंपैकी चांगली वेळ धरली जावी. प्रशासन म्हणेल, खर्च वाढेल, न्यायालयात दावे होतील, गैरप्रकारांना वाट मिळेल. यांतले काही होईलही. लेखी परीक्षा आधी झाली तर धावणाऱ्यांची संख्या अनेक पटींनी घटते आणि दुसऱ्या धावेचा खर्च त्यातच निघतो. वेळ मोजण्यासाठी पायाला बांधायची चिप शहरी मॅरेथॉनमध्ये हौशी धावपटूंना मिळतेच, ती भरतीतही वापरली तर घड्याळ दाबणाऱ्याच्या अंगठ्यावरचा संशयही जातो. मुंबईत जानेवारीत होणाऱ्या मॅरेथॉनमध्ये हजारो सुखवस्तू नागरिक दर दोन-तीन किलोमीटरवर पाणी, वैद्यकीय पथके आणि टाळ्या यांच्या सोबतीने धावतात, आणि दमले तर चालू लागतात. त्यांना कोणी भित्रे म्हणत नाही.

गहमरच्या सुभेदारसाहेबांच्या वहीत प्रत्येक मुलाच्या नावापुढे वेळांची रांग होती. काही ठिकाणी वेळेऐवजी फक्त एक आडवी रेघ. त्या रेघेचा अर्थ मी विचारला. ते म्हणाले, “त्या दिवशी तो थांबला. हात वर करून बाजूला झाला. रागवायचे नाही, गुरुवारी पुन्हा पळवायचे.” चौथ्या फेरीत घरचे दिसणाऱ्या त्या मुलाच्या नावापुढे अशा तीन रेघा होत्या आणि शेवटची नोंद होती ५ मिनिटे ३८ सेकंद. साठ गुणांना आठ सेकंद कमी.